जपानी 'त्ते' आणि आपलं 'म्हणे': दुसऱ्याचं बोलणं पुढे कसं सांगायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-४ पातळी पास होऊन जपानमध्ये नोकरीला गेलेल्या एका मुलीने विचारलंय: "पुस्तकात 'तो इइमाशिता' म्हणजे 'असं म्हणाला' एवढंच शिकले. इथे जेवणाच्या सुट्टीत कुणीच तसं बोलत नाही. सारखं 'त्ते', 'दात्ते', 'न्दात्ते', 'त्ते इत्तेता' कानावर पडतं. यात फरक काय? परवा मी सहकाऱ्याला सांगितलं, 'बुचो वा आशिता काइगि गा नाइ तो इइमाशिता', म्हणजे उद्या मीटिंग नाही असं विभागप्रमुख म्हणाले. त्याला कळलं, पण तो हसून म्हणाला की तू बातम्या वाचतेयस असं वाटलं. आणि कधी मी नुसतं 'त्ते' लावून बघते, तर समोरचा विचारतो, 'कोण म्हणालं?'"

मी वीसेक वर्षं पुण्यात जपानी शिकवते आणि चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत दुभाषी म्हणून जाते. हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी येतो, आणि तो चुकून नाही येत. जेएलपीटी परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते. त्यामुळे वर्गात 'तो इइमाशिता' एकदा फळ्यावर येतं आणि पुढचा धडा सुरू होतो. प्रत्यक्षात दिवसभरातलं अर्धं बोलणं 'हा असं म्हणाला, ती तसं म्हणाली' याचंच असतं.

माझा पहिला सल्ला व्याकरणाचा नाही, सवयीचा आहे: 'की' सोडून द्या. मराठीत आपल्याकडे दोन वाटा आहेत. "तो म्हणाला की मी उद्या सुट्टी घेतो" ही एक, आणि "उद्या सुट्टी घेतो म्हणाला" ही दुसरी. शाळेत इंग्रजीतून भाषांतरं करून करून आपल्याला पहिली वाट तोंडपाठ झालेली असते आणि जपानी बोलतानाही मनात तीच येते. मग आधी 'कारे वा' (म्हणजे वाक्याचा कर्ता, 'तो') येतं, मग बोलणारा अडखळतो, कारण 'म्हणाला' पुढे आणायचं की मागे ठेवायचं हेच सुचत नाही. दुसऱ्या वाटेने विचार केला तर काहीच अडत नाही:

आशिता यासुमु त्ते इत्तेता.
उद्या सुट्टी घेतो म्हणाला.

शब्दाला शब्द जुळतो. 'आशिता' उद्या, 'यासुमु' सुट्टी घेतो, 'त्ते' हा जोड, 'इत्तेता' म्हणत होता. काळही बदलत नाही. तो काल बोलला म्हणून आपण 'सुट्टी घेतो'चं 'सुट्टी घेणार होता' करत नाही, जपानीही करत नाही. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं या काळाच्या मुद्द्यावर पानंच्या पानं खर्च करतात. ती पानं मराठी माणसाने खुशाल उलटावीत.

हा 'त्ते' आला कुठून? लिखित भाषेतल्या 'तो' या अव्ययाचं हे बोलीतलं रूप, आणि त्याच्या पोटात 'तो इत्ते' म्हणजे 'असं म्हणून' दडलेलं आहे. आपलं 'म्हणून' तरी दुसरं काय आहे? 'म्हण' धातूचंच रूप, 'बोलून झाल्यावर'. कानडीत 'अंत', तेलुगूत 'अनि', दख्खनीत 'बोलके'. आपल्या आसपासच्या या भाषा याच चालीच्या आहेत. म्हणून जपानीचं हे अंग आपल्याला आतून कळायला हवं. कसं जुळतं ते पाहा. "कुलकर्णी म्हणून एक जण आहेत" हे जपानीत "कुलकर्णी त्ते यू हितो". "त्सुयु म्हणजे काय?" हे "त्सुयु त्ते नानि?" "क्योतो म्हटलं की" हे "क्योतो तो इएबा". "स्वस्त आहे म्हणून काही चांगलं असेलच असं नाही" यातलं 'म्हणून काही' हे "यासुइ कारा तो इत्ते". 'म्हटलं तरी' हे 'तो इत्तेमो'. 'म्हणण्यापेक्षा' हे 'तो यू योरि'. आणि माझं सगळ्यात आवडतं: आपण म्हणतो ना, "म्हटलं, तुम्हालाच विचारून घ्यावं"? तिथे आपण तोंडाने काहीच म्हटलेलं नसतं, मनातला विचार असतो. तिथे जपानी माणूस 'म्हणणे' न वापरता 'वाटणे' वापरतो: "किइते मियो तो ओमोत्ते". पण जोड तोच, 'तो' किंवा बोलताना 'त्ते'. एन-२ ला ही रूपं सुटी सुटी पाठ करणारी मुलं मी पाहते तेव्हा वाईट वाटतं. एका 'म्हण'च्या घरातली ही भावंडं आहेत, एकदम ओळख करून घ्यावी.

आता मूळ प्रश्नाकडे.

'त्ते इत्ता' आणि 'त्ते इत्तेता' यांपासून सुरुवात करू. 'इत्ता' म्हणजे 'म्हणाला', ते शब्द तोंडातून निघाले ही घटना. 'इत्तेता' हे 'इत्ते इता'चं बोलीतलं आखूड रूप, 'म्हणत होता'. तिसऱ्याचं बोलणं पुढे पोचवताना जवळपास नेहमी 'इत्तेता' येतं. त्यात भाव असा, की मी ते ऐकलं, माझ्याजवळ होतं, ते आता तुला देतो. 'इत्ता' वापरलं की जोर 'म्हणाला की नाही' यावर जातो. जपानीत 'इत्ता इवानाइ' असा एक पक्का शब्दप्रयोगच आहे: 'म्हणालास' आणि 'नाही म्हणालो' असा वाद. म्हणून एखाद्याने कबूल करून पाळलं नाही तर "कुरु त्ते इत्ता नोनि", 'येतो म्हणाला होता, आणि आता बघा'. स्वतःबद्दल सांगतानाही 'इत्ता'च: "दाकारा इत्ता देशो?", 'म्हणून तर सांगत होते ना?' तुमच्या वाक्यातलं 'इइमाशिता' सहकाऱ्याला बातमीसारखं वाटलं ते यामुळे. तुम्ही निरोप देत होता, आणि वाक्य मात्र 'अमुक दिवशी अमुक माणसाने असे उद्गार काढले' अशी नोंद करत होतं.

त्यात भर म्हणजे 'तो'. मित्रांत, जेवताना, 'तो' पेक्षा 'त्ते' सहज येतं. उच्चाराकडे लक्ष द्या: 'त्ते'च्या आधी श्वास क्षणभर अडतो, आपल्या 'पत्ता'मध्ये अडतो तसा. तो अडकाव गेला तर 'कुरुते' असं काहीतरी निघतं आणि ऐकणाऱ्याला बोध होत नाही. पुढे पुढे तर तरुण मुलं 'त्ते इत्तेता'चं सरळ 'त्सुत्तेता' करतात. ते ओळखता यावं, बोलायची घाई नको.

शेवटी नुसतं 'त्ते' ठेवून वाक्य सोडून दिलं तर? "तानाका-सान, आशिता यासुमु त्ते." क्रियापद गळलंय, पण अर्थ पूर्ण आहे: तानाका उद्या येत नाहीयेत, तसा निरोप आहे. इथे तानाकांनीच ते सांगितलं असं ऐकणारा धरून चालतो. पण तुम्ही नाव न घेता नुसतं "आशिता काइगि नाइ त्ते" म्हणालात तर 'त्ते'मुळे एवढंच कळतं की हे कुणीतरी सांगितलेलं आहे. मग "कोण म्हणालं?" हा प्रश्न येणारच. जपानी लोक हे सुरुवातीलाच मिटवतात: "सातो-सान कारा किइता न्दाकेदो", 'सातोंकडून कळलं, बरं का', आणि मग बातमी. ही एक ओळ आजच पाठ करा. शेवटच्या 'त्ते'ला उगम द्यायचा तो वाक्याच्या तोंडाशी.

'न्दात्ते' आणि 'दात्ते' यांची गल्लत सगळेच करतात, कारण कानाला दोन्ही सारखे. उकल सोपी आहे. नामाला किंवा 'ना'-विशेषणाला (नामाआधी 'ना' घेणाऱ्या विशेषणाला) बोलीत 'दा' लागतो, आपल्या 'आहे'सारखा. "ब्योकि दा", आजारी आहे. त्याला 'त्ते' लावलं: "ब्योकि दात्ते", आजारी आहे असं कळलं. म्हणजे इथे 'दा' वेगळा आणि 'त्ते' वेगळा. 'न्दात्ते' मात्र क्रियापदालाही लागतं: "केक्कोन सुरु न्दात्ते!" यातला 'न्दा' हा स्पष्टीकरणाचा, 'अहो, गोष्ट अशी आहे' असं सुचवणारा. नामाबरोबर तो 'नान्दात्ते' होतो: "इशा नान्दात्ते", डॉक्टर आहे म्हणे. बोलताना 'दा' गाळलेलाही ऐकू येतो, "आशिता यासुमि त्ते", उद्या सुट्टी आहे असं सांगितलंय. ते चालतं. लिहिताना 'तो'च्या आधी मात्र सहसा 'दा' ठेवावा.

दोघांच्या भावात काय फरक? 'यासुमु त्ते' हा निरोप. कुणीतरी विचारलं, 'तानाका कुठेत?', तुम्ही सांगितलं. 'यासुमु न्दात्ते' मध्ये सांगणाऱ्याला स्वतःलाच ती गोष्ट सांगण्याजोगी वाटलेली असते. "ऐकलंस का, लग्न करतेय ती!" यातलं 'ऐकलंस का' म्हणजे हा 'न्दात्ते'. म्हणून कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये, रेल्वेत शेजारी बसलेल्या दोन मैत्रिणींच्या बोलण्यात तो सतत येतो. वयस्क स्त्रियांच्या तोंडी 'न्देसुत्ते' असं आदबशीर रूप ऐकाल, कानाला फार गोड लागतं. आणि त्याच माणसाला त्याच्याबद्दल ऐकलेलं विचारायचं असेल तर स्वर वर न्या: "हिक्कोसु न्दात्ते?", 'घर बदलताय म्हणे?'

इथे आपलं 'म्हणे' चपखल बसतं. पण 'म्हणे'बद्दल सावध करायला हवं, आणि ते मी माझ्या अनुभवातून सांगते. दुभाषी म्हणून पहिलं वर्ष होतं. एका कारखान्यात लाइन थांबलेली, सुटे भाग यायचे होते. जपानी इंजिनिअरने फोन ठेवला आणि मला सांगितलं, "बुहिन, आशिता नो आसा त्सुकु त्ते." मी फोरमनकाकांकडे वळून म्हटलं, "पार्ट उद्या सकाळी येणार म्हणे." काका म्हणाले, "म्हणे ना? मग बघू उद्याचं उद्या." त्यांनी पहिल्या पाळीला जादा माणसं बोलावली नाहीत. सकाळी सातला ट्रक गेटवर उभा, उतरवून घ्यायला कुणी नाही. इंजिनिअरला कळेना, मी तर सांगितलं होतं. आणि काकांचंही चुकलं नव्हतं. मराठीत 'म्हणे' म्हटलं की त्यात 'माझा काही भरवसा नाही हं' असा सूर येतो. जपानी 'त्ते'मध्ये तो सूर नसतो. सांगणाऱ्याने ऐकलं, तसं दिलं, बस. मी म्हणायला हवं होतं, "उद्या सकाळी येतायत, तसा निरोप आलाय." त्या दिवसापासून मी 'त्ते'चं भाषांतर करताना आधी विचार करते की हा निरोप आहे की वावडी.

मग जपानीत शंका दाखवायची कशी? त्याला 'राशिइ' आहे, खात्री नाही पण तसं दिसतंय-ऐकू येतंय. आणि बोलीत 'तोका'. "यामेरु तोका इत्तेता यो": 'नोकरी सोडतो-बिडतो म्हणत होता.' हे 'बिडतो' म्हणजे हुबेहूब 'तोका'. नेमके शब्द आठवत नाहीत, किंवा त्यावर फार विश्वास नाही, दोन्हीला चालतं. तरुण मुलं याच्याही पुढे जाऊन 'मिताइना' वापरतात: "ए, माजि दे? मिताइना", 'आणि मी अशी, अगं खरंच?' प्रत्यक्ष बोललेले शब्द नव्हेत, मनातली प्रतिक्रिया अभिनय करून दाखवायची. मैत्रिणींत ठीक, साहेबांसमोर नको.

आता जिथे मराठी माणूस हमखास घसरतो त्या जागा. मला यावर जरा थांबायचं आहे, कारण 'त्ते' लावता आला तरी आतलं वाक्य चुकलं तर निरोपच उलटा जातो.

पहिली जागा येणं-जाणं. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, आपण म्हणतो "आलो, आलो!" जपानी मुलगा म्हणतो "इमा इकु!", शब्दशः 'आत्ता जातो'. बोलणारा ज्या जागी आहे तिथून निघून दुसरीकडे पोचायचं तर ते 'इकु', जाणं. ऐकणारा तिथे असला तरीही. आपण मात्र ऐकणाऱ्याच्या दिशेने जाणं म्हणजे 'येणं' धरतो. म्हणून घरमालकीणबाईंनी खालून हाक मारल्यावर आपली मुलं वरून "किमासु!" ओरडतात आणि बाई गोंधळतात, वर कोण येतंय? आता हे पुढे सांगताना काय होतं पाहा. यामादा तुम्हाला फोनवर म्हणाला, "इमा कारा इकु ने", आत्ता निघतो तुझ्याकडे. तुम्ही घरातल्या दुसऱ्या मुलीला सांगताय. यामादाचा शब्द 'इकु' होता, पण तुमच्या जागेवरून तो येतोय. म्हणून: "यामादा-सान, इमा कारा कुरु त्ते." 'इकु त्ते' म्हणालात तर ती विचारेल, 'कुठे?' मराठीत यामादा 'येतो' म्हणाला असता आणि तुम्हीही 'येतो म्हणाला'च सांगितलं असतं, त्यामुळे शब्द बदलायचा हे आपल्या डोक्यातच येत नाही.

देण्या-घेण्याचंही तसंच. सुझुकी तुम्हाला म्हणाल्या, "तेत्सुदात्ते आगेरु यो", मी मदत करते. पुढे सांगताना ती मदत तुमच्याकडे येतेय, म्हणून "सुझुकी-सान गा तेत्सुदात्ते कुरेरु त्ते". 'आगेरु' तसंच ठेवलं तर ऐकणाऱ्याला वाटू शकतं की सुझुकी तिसऱ्याच कुणाला मदत करणार आहेत. नियम म्हणून लक्षात ठेवायचं तर एवढंच: 'त्ते'च्या आतलं वाक्यही आपण उभे आहोत त्या जागेवरून बघायचं. कुणाचे शब्द जसेच्या तसे ऐकवायचे असतील तर ते 'यो', 'ने' अशा शेपटांसकट ऐकवा: "इइ यो त्ते इत्तेता", 'चालेल की, म्हणाले'. ते शेपूट ऐकू आलं की ऐकणाऱ्याला कळतं, हे त्यांचे शब्द आहेत.

दुसरी जागा आज्ञा. यात मी नवीन दुभाष्यांना रडकुंडीला आलेलं पाहिलंय. साहेब अगदी नम्रपणे म्हणाले, "मो सुकोशि हायाकु दाशिते कुदासाइ", जरा लवकर द्याल का. तुमचा सहकारी बाहेर येऊन तुम्हाला सांगतो, "मोत्तो हायाकु दासे त्ते इवारेता." 'दासे' हे रूप वर्गात 'कधीही वापरू नका, उद्धट आहे' म्हणून शिकवलेलं. मग नवीन दुभाषी मराठी टीमला सांगतो, "साहेब ओरडले." साहेब ओरडलेले नसतात. दुसऱ्याची विनंती आखूड करून सांगताना जपानीत आज्ञार्थाचं नागडं रूप सर्रास येतं, त्याचा मूळ सूर सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचा. 'सांगू नकोस' असं कुणी म्हणालं तर तसंच "इउ ना त्ते इवारेता". तुम्ही स्वतः बोलताना सुरुवातीला मवाळ रूप घ्या: "हायाकु दाशिते त्ते इवारेता". ऑफिसच्या बोलण्यात "दासु यो नि इवारेमाशिता" अधिक शोभतं.

या वाक्यांतलं 'इवारेता' पाहिलंत? 'मला म्हटलं गेलं'. मराठीत हे कृत्रिम वाटतं, आपण 'मला म्हणाले' म्हणतो. जपानीत हेच स्वाभाविक, कारण वाक्याच्या मध्यभागी 'मी' आहे, आणि ते बोलणं माझ्यावर येऊन आदळलंय. म्हणून बोलणी खाल्ल्यावर ते हमखास येतं. पण कौतुकालाही येतं: "किरेइ दा ने त्ते इवारेता", 'छान दिसतेस म्हणाले मला'. कोण म्हणालं ते सांगायचं नसेल तर गाळून टाकता येतं, हीही त्याची सोय.

तिसरी जागा 'किकु'. जपानीत ऐकणं आणि विचारणं दोन्हींना 'किकु'च. फरक 'त्ते'च्या आधी काय आहे त्यावर. "कुरु त्ते किइता" म्हणजे येणार असं कळलं. "कुरु का त्ते किइता" म्हणजे येणार का असं विचारलं. "कुरु नो त्ते किकारेता" म्हणजे येतेस का असं मला विचारलं. एका 'का'ने अर्थ फिरतो, तेव्हा तो गिळू नका.

चौथी जागा खरं तर मनाची आहे. मराठीत आपण बिनधास्त म्हणतो, "यामादाला थंडी वाजतेय", "तिला क्योतोला जायचंय". जपानीत दुसऱ्याच्या आतलं असं थेट सांगितलेलं खटकतं. त्याला थंडी वाजतेय हे तुला कसं कळलं? तो म्हणाला असेल तर तसं सांग: "सामुइ त्ते". दिसत असेल तर "सामुसो". "क्योतो नि इकिताइ त्ते", जायचंय म्हणतेय. 'ओमोउ' म्हणजे वाटणं, तेही स्वतःपुरतं. दुसऱ्याबद्दल 'ओमोत्ते इरु'. मला वाटतं 'त्ते' शिकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. आपल्या सवयीने दुसऱ्याच्या मनातलं ठामपणे सांगितलं तर वाक्य व्याकरणात बसूनही ऐकणारा जरा मागे सरकतो. 'त्ते' लावलात की ज्याची भावना त्याच्याकडे राहते.

'त्ते'चं एक रूप निरोपाशी संबंधित नाही, पण ऐकू येईल म्हणून सांगते. "दाइजोबु दात्ते!" असं समोरचाच स्वतःबद्दल म्हणतो. हे कुणाचं बोलणं नाही, स्वतःचंच पुन्हा: 'ठीक आहे म्हटलं ना!' जेवणाचं बिल द्यायला गेलात आणि वयाने मोठ्या सहकाऱ्याने "इइ त्ते, इइ त्ते" म्हटलं तर अर्थ 'राहू दे गं, राहू दे'. आणखी चिडका सूर 'त्तेबा'. आणि वाक्याच्या सुरुवातीला येणारा 'दात्ते' तर तिसराच: "दात्ते, शिरानाकात्ता न्दामोन", 'अगं पण मला माहीतच नव्हतं ना!' लहान मुलांच्या तोंडी हा दिवसातून दहा वेळा.

ओसाकाकडे बदली झाली तर कान पुन्हा तयार करावे लागतील. तिथे 'इत्तेता'चं 'यूतेता' होतं, आणि मधला जोडच गळतो: "कुरु यूतेता", अगदी आपलं 'येतो म्हणाला'. 'न्दात्ते'चं 'न्याते'. मला तिथली वाक्यं पहिल्यांदा ऐकली तेव्हा घरच्यासारखं वाटलं होतं.

आता तुमचा निरोप. विभागप्रमुखांनी उद्याची मीटिंग रद्द केलीय. बरोबरीच्या सहकाऱ्याला, जेवताना: "साक्कि बुचो कारा किइता न्दाकेदो, आशिता काइगि नाइ त्ते." 'मघाशी प्रमुखांकडून कळलं, उद्या मीटिंग नाहीये.' आतलं 'नाइ' साधंच, त्याचं आदबशीर रूप 'आरिमासेन' नको. आदर दाखवायचा तो वाक्याच्या शेवटी. वयाने मोठ्या सहकाऱ्याला त्याच प्रमुखांबद्दल सांगताना शेवट बदला: "बुचो गा, आशिता नो काइगि वा नाइ तो ओश्शात्ते इमाशिता." आणि बाहेरच्या ग्राहकाचा फोन असेल तर चित्र उलटं होतं. तिथे तुमचे प्रमुख हे तुमच्या घरचे, म्हणून त्यांना आदराचं 'सान' लागत नाही, पदवीही नावामागे लागत नाही, आणि त्यांचं 'म्हणणं'ही नम्र रूपात जातं. समजा प्रमुखांचं आडनाव तानाका: "तानाका गा, आशिता नो काइगि वा चुशि तो मोशिते ओरिमाशिता." ईमेलमध्ये तेच "चुशि तो नो कोतो देसु" असं संपवा, 'रद्द झाल्याचा निरोप आहे'.

पहिलं वाक्य उद्या जेवताना म्हणून बघा. सहकाऱ्याने नुसतं "आ, सो नान्दा", 'अच्छा, असं का' म्हणून घास पुढे चालू ठेवला, तर निरोप पोचला.